त्यातली साठ कोणती?

आपली यादी शंभर टक्के बरोबर आहे असं कुणी म्हटलं, तर प्रोटिओमिक्सच्या परिषदेत लोक त्याच्याकडे संशयाने बघतात. यादी म्हणजे एखाद्या पेशीत, रक्तात किंवा गाठीत कोणकोणती प्रथिनं सापडली, तिची. यातल्या सुमारे १ टक्का नोंदी चुकीच्या असू शकतात, हेही यादीसोबत सांगायची रीत आहे. पीएचडी करणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे वाक्य पाठ असतं. त्याचा अर्थ विचारणारं कुणी सहसा भेटत नाही.

पोस्टरच्या सत्रात माझ्या शेजारी एक विद्यार्थिनी उभी होती. तिच्या यादीत ६,००० प्रथिनं. एक ज्येष्ठ संशोधक आले, सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे यातली साठेक खोटी. कोणती?"

"ते सांगता येत नाही, सर."

"बरं. आणि हे?" त्यांनी शीर्षकातल्या प्रथिनावर बोट ठेवलं. "हे एकाच तुकड्यावरून ओळखलंयस."

"हो सर. तसं खाली लिहिलंय."

"वाचलं मी. मग शीर्षकात हेच का?"

"कारण नवीन हेच आहे."

तिने काही लपवलं नव्हतं. तरीही प्रश्न उरतोच: चूक असू शकते असं सांगून टाकलं, की आपली जबाबदारी संपते का?

हा १ टक्का येतो कुठून ते आधी बघू. मास स्पेक्ट्रोमीटरच्या नेहमीच्या प्रयोगात अख्खं प्रथिन मोजत नाहीत. ट्रिप्सिनने प्रथिनाचे तुकडे करतात, यंत्र त्या तुकड्यांची आणि ते फोडून झालेल्या कणांची मोजमापं घेतं. ती कोणत्या प्रथिनाशी जुळतात, हे संगणक माहितीसाठ्यातून शोधतो. म्हणजे हा शेवटी अंदाजच. म्हणून त्या साठ्यात मुद्दाम खोटे क्रम मिसळतात, बहुतेकदा खरेच क्रम उलटे लिहून. त्यातलं एखादं 'सापडलं' असं संगणक म्हणाला, तर ती नक्की चूक. खोट्यांना आपण जितक्या वेळा फसलो, साधारण तितक्याच वेळा खऱ्यांच्या यादीतही फसलो असणार. स्वतःसाठी सापळा लावून आपण किती वेळा अडकतो ते मोजायचं आणि जाहीर करायचं. इतकी उघड शिस्त मला रोजच्या जगण्यात फार कुठे दिसलेली नाही.

पण हा आकडा यादीचा असतो, एकेका नावाचा नव्हे. पोत्यात किती खडे आहेत हे कळल्याने या घासात खडा आहे का, ते कळत नाही. शिवाय खडे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. भरपूर असणारी प्रथिनं डझनावारी तुकड्यांनी ओळखली जातात, ती सहसा खरीच. चुका गोळा होतात त्या एकाच तुकड्यावर उभ्या असलेल्या, अनपेक्षित नावांमध्ये. आणि शीर्षक होण्याजोगी नावंही बहुधा त्यातलीच.

मोठ्यांच्या बाबतीतही हे घडलं आहे. २०१४ मध्ये 'नेचर'ने मानवी प्रोटिओमचे दोन मसुदे एकाच अंकात छापले. एक जर्मनीतल्या गटाचा. दुसरा अखिलेश पांडे यांच्या गटाचा, ज्यात बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी स्पेनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की दोन्ही याद्यांत वास ओळखणारी शंभराहून अधिक प्रथिनं आहेत. नाकातल्या ऊतीचा नमुना मात्र दोघांनीही तपासलेला नव्हता.

हे होतं कसं? खरं प्रथिन प्रयोगामागून प्रयोगात पुन्हा तेच सापडतं. चूक बहुधा दर वेळी नवी असते. अनेक प्रयोग एकत्र केले की खरी नावं एकमेकांवर बसतात आणि खोट्या नावांची भर पडत राहते. प्रत्येक प्रयोगात चूक जेमतेम १ टक्का, तरी बेरजेत ती कितीतरी जास्त. हे उघडकीला आलं, कारण माहिती इतरांना तपासण्यासाठी खुली होती. पुढे मानवी प्रोटिओम प्रकल्पाने नियम कडक केले: न सापडलेलं प्रथिन सापडल्याचं मान्य व्हायला किमान दोन वेगळे तुकडे हवेत, प्रत्येक किमान ९ अमिनो आम्लांचा.

खात्री होईपर्यंत गप्पच बसायचं ठरवलं, तर विज्ञान थांबेल. ६,००० नावं एकेक करून तपासणं कुणालाच परवडणार नाही. म्हणून १ टक्क्याची मुभा योग्यच आहे, पण ती यादीसाठी. ज्या एका नावावर आपण बोट ठेवतो, लोकांना 'हे बघा' म्हणतो, तिथे सरासरीच्या आड लपता येत नाही. उद्या त्याच प्रथिनावरून रक्ताची चाचणी निघाली, तर समोरच्या रुग्णाचा निकाल बरोबर असेल किंवा चूक. तो १ टक्का चूक नसेल. खाली बारीक अक्षरात लिहिलेली सूचना आपली सुटका करते आणि तपासण्याचं ओझं वाचणाऱ्याच्या डोक्यावर ठेवते.

मार्ग आहे. तोच तुकडा प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या बनवून घ्यायचा, यंत्रातून काढायचा आणि दोन्ही आलेख शेजारी ठेवायचे. त्याला पैसे लागतात, वेळ लागतो, आणि फेलोशिपची मुदत कुणासाठी थांबत नाही. आलेख जुळले नाहीत तर शीर्षकही जातं. म्हणूनच हा प्रश्न नुसत्या संख्याशास्त्राचा राहत नाही. बाकीच्या ५,९९९ नावांबद्दल 'काही चुकली असतील' म्हणणं पुरेसं आहे. त्या एका नावासाठी मात्र ते गमावण्याची तयारी ठेवूनच तपासायला बसावं लागतं.