आधी कोण खाणार?

आषाढाचा पाऊस धरला, की आमच्या रत्नागिरीकडे वारुळांच्या आसपास अळंबी फुटते. ती दोन दिवसही टिकत नाही, आणि जिला तिची जागा ठाऊक असते ती बाई सख्ख्या बहिणीलाही ती सांगत नाही. माझी आईही सांगत नसे. पहाटे बाहेर पडे आणि उजाडता उजाडता सागाच्या पानात बांधलेली पुडी घेऊन परते. दुपारी ओल्या खोबऱ्याच्या वाटपात अळंबी शिजे, घरभर वास सुटे, आणि आम्ही भावंडे पाट मांडून बसत असू. परंतु आमच्या ताटात ती पडत नसे. आधी आई एकटी खाई. आम्हांला मिळे ती रात्री, दिवेलागणीनंतर. आईला फार आवडते म्हणून ती आधी खाते अशी माझी समजूत होती, आणि तिचा मला रागही येई.

खरे कारण पुढे कळले. पातेल्यात ती चांदीचे नाणेही टाकी. काळे पडले नाही म्हणजे अळंबी चांगली. या दोन्ही परीक्षा कुचकामाच्या, हे मी आज जाणतो. विषारी अळंबीने चांदी काळी पडतेच असे नाही. आणि सर्वांत घातक जातींचे विष पोटात गेल्यावर ६ ते १२ तास, कधी त्याहूनही अधिक, गप्प बसते. मग उलट्या, मग बरे वाटल्याचा भास, आणि त्यानंतर यकृत निकामी. म्हणजे दुपार आणि रात्र यांमधल्या अंतराने कसलीच शाश्वती मिळत नव्हती. घात व्हायचाच असता तर सगळ्यांचा झाला असता.

मग तिच्या आधी खाण्याचे मोल काय? मी पडलो शाळामास्तर. उत्तर चुकले की गुण कापायचे. प्रेमाने वाढलेले विष विषच असते, आणि चांगल्या हेतूने अज्ञान झाकले जात नाही. तथापि आईचे खरे ज्ञान नाण्यात नव्हतेच. ते तिच्या डोळ्यांत होते. वारुळातल्या वाळव्या पालापाचोळा आत नेऊन त्यावर ही बुरशी अक्षरशः पिकवतात, आणि अळंबीचे लांब मूळ थेट त्या शेतापर्यंत खाली गेलेले असते. ते मूळ हाताला लागल्यावाचून आई अळंबी उपटीत नसे. इतके ओळखणारी बाई पुन्हा आधी का खात होती? मला वाटते, आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवून स्वतः खाणे तिला जमत होते. त्याच विश्वासावर दुसऱ्याला खाऊ घालणे जमत नव्हते.

वाळवीचे हे शेत माणसाला अजून साधलेले नाही. साधली आहे ती धिंगरी. दोन वर्षांपासून मी मागच्या पडवीत ती लावतो. भाताच्या पेंढ्याचे बोटभर तुकडे रात्रभर भिजवायचे, कढत पाण्यातून काढून निथळायचे, पिशवीत थरावर थर देऊन मध्ये बियाणे पेरायचे. १५-२० दिवस अंधारात ठेवले, की पिशवी पांढऱ्या तंतूंनी भरते. मग ती फाडायची आणि दिवसातून दोनतीनदा पाणी शिंपडायचे. (पडवीला वारा हवा, नाही तर खोकल्याने जीव नकोसा होतो.) गव्हाच्या दाण्यावर वाढवलेले बियाणे विकत आणलेले असते, जात ठाऊक असते. इथे संशयाला जागा नाही.

पहिली टोपली भरली ती मी उत्साहाने शेजारच्या काकूंना नेऊन दिली. त्यांनी उलटसुलट पाहून विचारले, “मास्तर, तुम्ही खाल्लीत ना आधी?”

मी हसलो. बियाण्याची जात, पेंढा, कढत पाणी, सारे समजावून सांगितले. काकूंनी ऐकून घेतले आणि टोपली फळीवर ठेवून दिली. मला ते लागले. घरी येईपर्यंत मी त्यांच्या अडाणीपणावर मनातल्या मनात एक व्याख्यानही रचले. पण उंबऱ्याशी पोचलो तेव्हा डोळ्यांसमोर आई एकटी जेवायला बसलेली होती.

त्या रात्री पिशवीत उरलेली मूठभर अळंबी परतून खाल्ली. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या अंगणात जाऊन म्हणालो, “काकू, काल रात्री खाल्ली.”

त्यांनी फळीवरची टोपली काढली आणि विळी पुढे ओढली.