माणूस कोण?

उडत्या गाड्या पाहून सिनेमा जोखू नका. तो कुणाला मारतो आणि त्या मारण्याला काय म्हणतो, ते बघा.

रिडली स्कॉटचा 'ब्लेड रनर' १९८२ चा. त्यातलं लॉस एंजेलिस २०१९ चं. कंपनीनं घडवलेली माणसं परग्रहांवर गुलामी करतात. आयुष्य चार वर्षं. पळून पृथ्वीवर आली की गोळी. त्याला खून म्हणायचं नाही, 'निवृत्ती' म्हणायचं. शब्द बदलला की रक्त पुसलं!

यांच्यात करुणा नाही म्हणे. यंत्र लावून तपासतात. अन् तपासणारा डेकर्ड पळत्या बाईच्या पाठीत गोळ्या घालतो. शेवटी इमारतीच्या छतावरून लोंबणाऱ्या त्याच डेकर्डला वर ओढतो कोण? मरायला टेकलेला गुलाम, रॉय बॅटी.

ती बाई पडते तेव्हा आपली शिट्टी वाजते की घसा दाटतो? त्यावर ठरवा. सिनेमाचं, आणि आपलंही.