चटई आणि धमनी

‘तर्कसंग्रह’ हा न्याय-वैशेषिक दर्शनाचा ग्रंथ शिकवताना मी वर्गात चटई न्यायचे. गुंडाळी उलगडून टेबलावर ताणून धरायची, मग हात सोडायचा. चटई सळसळत परत गुंडाळायची, पोरं हसायची. ‘हा स्थितिस्थापक संस्कार,’ मी म्हणायचे. वैशेषिकांचे संस्कार तीन. सुटलेल्या बाणातला तो वेग. अनुभवाचा ठसा ती भावना, आणि ती राहते फक्त आत्म्यात. वाकवलेल्या वस्तूला पूर्वस्थितीवर आणतो तो स्थितिस्थापक, जड वस्तूतला. बत्तीस वर्षं ही वाटणी मला पुरली. मग भाचीनं माझ्याच दंडावर ती अडचणीत आणली.

रक्तदाब निघाला तेव्हापासून मी रोज पर्वती चढते. भाची शरीरक्रियाशास्त्र शिकवते. तिनं मला आडवं केलं, कोपराखाली पट्टा बांधून फुगवला, दंडावर गार जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब टेकवला. “मावशी, पाच मिनिटं हलू नकोस.” हात आधी जड झाला, मग मुंग्या, मग तो माझा राहिलाच नाही. पट्टा सुटला तशी ऊब बोटांपर्यंत धावली. पडद्यावर दोन पांढऱ्या रेघा आणि मधला काळा पट्टा. तो रुंदावला म्हणे. मला दिसलं नाही, संगणकाला दिसलं. जोरानं वाहणारं रक्त धमनीच्या अस्तराला घासतं, अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, भिंतीतला स्नायू सैलावतो. थोड्या वेळानं सगळं पूर्ववत. इथवर माझी चटईच. पण हेच महिनोन्महिने रोज घडलं की धमनीची मूळ घडणच रुंद होते. चटई गुंडाळते, पण वेगळ्या मापाला. याला कुठला संस्कार म्हणायचं?

क्लॅरेन्स डीमार या अमेरिकन धावपटूनं बोस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकली. १९५८मध्ये तो कर्करोगानं गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या धमन्या सर्वसाधारण माणसाच्या दोन-तीन पट रुंद निघाल्या. धावण्याचा ठसा आत्म्यात होता, तर आत्मा गेल्यावर टेबलावर उरलं ते काय?

भाचीनं आणखी एक प्रयोग सांगितला. दोन्ही मुठी सारख्याच आवळायच्या, आठ आठवडे. मात्र एका हाताला पट्टा बांधून रक्ताचा वाढता ओघ रोखायचा. मेहनत तीच, संकल्प तोच. सुधारली ती मोकळ्या हाताची धमनी. कर्मफळाचा काथ्याकूट करणाऱ्या आम्हा मंडळींना हे झोंबणारं आहे. आम्ही हेतू मोजत बसतो, धमनी ओघ मोजते.

प्रतिपक्षाला खोडताना आपल्याकडे दोन दोष हमखास काढतात: कृतनाश आणि अकृताभ्यागम. केलेलं वाया जाणं, न केलेलं पदरात पडणं. स्क्वॉश खेळणाऱ्यांत रॅकेटच्या हाताची धमनी रुंद असते, हे ठीकच. पण धमनीची भिंत इतरांपेक्षा पातळ आढळली ती दोन्ही हातांत. मी उसळलेच. “हा अकृताभ्यागम! डाव्यानं काय केलं?”

“मावशी, खेळला तो माणूस. हात नव्हे.”

म्हणजे हात नुसतं करण, साधन; कर्ता वेगळा. नैयायिकाला पेढे वाटावेत असं उत्तर, आणि तेही आत्मा न मानणाऱ्या पोरीकडून.

कृतनाशाचं उत्तर मात्र तिच्याकडे नाही. पाय लुळे पडले की मांडीची धमनी काही आठवड्यांतच अरुंद होते. व्यायाम सोडला की कमावलेलं ओसरत जातं. पतंजलींनी अभ्यासाला दीर्घकाळाबरोबर नैरंतर्याचीही अट घातली आहे. मी तो शब्द वर्गात ‘खंड न पडता’ एवढं सांगून उरकत असे.

पावसाळ्यात पायरीवरून घसरले आणि घोटा सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला. ते निघून बारा दिवस झालेत. काल चाळिसाव्या पायरीवर बसावं लागलं. भाची म्हणते, परत मोजूया. मी तिला दिवाळीनंतरची तारीख दिली आहे.