नाबोथाची जमीन आणि आपली वेस

नागपूरच्या उत्तरेस, कोलार व कन्हान नद्यांच्या परिसरात खापरखेडा वसले आहे. नावात खेडे उरले आहे. गाव मात्र तसे राहिलेले नाही. शेजारी सिल्लेवाड्याची कोळसा खाण, पलीकडे कोराडी, आणि गावाच्या माथ्यावर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. १९८९ ते २०११ या काळात येथे २१० मेगावॅटचे चार व ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच उभे राहिले. वसाहत आली, बाजार वाढला, भाड्याच्या खोल्या झाल्या, आणि शहराची वेस हळूहळू जवळ सरकली.

अशा वेळी आम्हांस जुन्या करारातील नाबोथ आठवतो. अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्याच्या बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख पैसा देऊ केला होता. सौदा तसा व्यवहाराला धरून होता. नाबोथाने तो नाकारला, कारण ती वाडवडिलांची जमीन होती. चौथ्या शतकात संत अँब्रोज यांनी या एका कथेवर ग्रंथच लिहिला. प्रवचनात ही कथा सांगणे सोपे असते, आणि आम्हीही ती पुष्कळदा सोपी करूनच सांगितली आहे. अहाबाला मळा हवा होता तो भाजीपाल्यासाठी. विजेचे तसे नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीतला दिवा, शेतकऱ्याचा पंप, मुलांचा अभ्यास, यांसाठी कोणाची तरी जमीन जावीच लागते. खाजगी मालमत्तेचा हक्क निरपेक्ष नाही, असे पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. तेव्हा जमीन मागणारा प्रत्येक जण अहाब नव्हे.

परंतु घेणाऱ्यावर ऋण उरते. वीज तारांवरून दूर जाते. राख येथेच राहते. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख-तलावाचा बांध फुटला आणि राखेचे पाणी शेतांत शिरले. खापर कोणाच्या माथी फोडावे? (गावाच्या नावावरचा हा श्लेष आम्हांस खेदानेच सुचला.) अभियंत्याच्या, शासनाच्या, की रात्रभर पंखा लावून निजणाऱ्या आपल्या?

डब्लिनजवळच्या टाला या गावी आठव्या शतकात संत मेलरुआन यांनी मठ स्थापिला; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते शहराचे उपनगर झाले, तेव्हा घरे आधी आली, सोयी मागाहून. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांचे सहकारी लढले. २००९ मध्ये महानगरपालिका झालीच. त्या लढ्याचे मोल त्यामुळे उणावत नाही. मात्र जमिनी विकणाऱ्यांत आपलीही माणसे होती, हे आपण चारचौघांत बोलत नाही.

कारखान्यांनी वेढलेल्या एका गावी आमची नेमणूक असताना छत्तीसगढहून आलेल्या एका ठेकेदारी मजुराचे तान्हे मूल वारले. कुटुंब कॅथलिक, नियमाने मिस्साला येणारे, नेहमी मागच्या दाराशी उभे राहणारे. दफनभूमीत जागा थोडी आणि ती जुन्या कुटुंबांची, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. ही माणसे निर्दय नव्हती. त्यांच्या शेतांचे भूखंड झाले होते. पूर्वजांची म्हणून तेवढीच जमीन हाती उरली होती. तेही नाबोथच. आम्ही त्याच क्षणी ‘खड्डा खणा’ असे सांगू शकलो असतो. तसे न करता आम्ही बैठक बोलावली. बैठक बराच वेळ चालली, आणि तीत कोणी कोणास दुखावले नाही. ती संपवून आम्ही बाहेर आलो तेव्हा तो बाप मुलाला घेऊन निघून गेला होता.