श्वपाक या शब्दापाशी



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक १८.

श्लोक इथं टाइप करत नाही. गीता हातात घ्या आणि सावकाश वाचा. पाच जण आहेत त्यात. विद्या आणि विनय अंगी असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि सगळ्यात शेवटी श्वपाक. जो खरा पंडित, त्याला या पाचांत एकच दिसतं, असं भगवंत सांगतात. कॉलेजात असताना हा श्लोक मी पाठ केला होता. शेवटच्या शब्दापुढं वहीत ‘चांडाळ’ असा अर्थ लिहिला आणि पुढच्या श्लोकाकडं वळलो.

या आठवड्यात पुन्हा तिथं आलो आणि अडकलो. श्व म्हणजे कुत्रा. श्वपाक म्हणजे कुत्रं शिजवून खाणारा. बाकी चौघं त्यांच्या विद्येवरून किंवा योनीवरून ओळखले जातात, या पाचव्याची ओळख मात्र त्याच्या ताटावरून ठरलीये. लोकांनी चिकटवलेलं नाव ते, जन्मापासून. भगवंत ते नाव तसंच उचलतात आणि त्याच वाक्यात ते माणूस मोजायला निरुपयोगी करून टाकतात.

हे मला गेल्या हिवाळ्याआधी कळायला हवं होतं.

आमचं घर माळकरी. आईच्या गळ्यात तीस वर्षं तुळशीची माळ आहे, माझ्या गळ्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापासून. मांस-मच्छी-अंडं नाहीच, चातुर्मासात कांदा-लसूण-वांगंसुद्धा बंद. (लासलगावच्या जिल्ह्यात राहून चार महिने कांदा सोडायचा म्हणजे काय, ते कांदेनवमीला आमच्याकडं भजी खायला या म्हणजे कळेल.) बायको रेवदंड्याजवळची, मासळीवर वाढलेली. लग्नानंतर तिनं सगळं सोडलं. ‘मी काही सांगितलं नव्हतं हं, तिनं आपणहून सोडलं,’ हे मी पाच वर्षं लोकांना अभिमानानं सांगत आलो.

गेल्या हिवाळ्यात सासरे ऑपरेशनसाठी नाशिकला आले आणि नंतर महिना-दीड महिना आमच्याकडं राहिले. अशक्तपणा फार आला होता. तपासणीला मीच घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन कमी पडतंय, अंडी चालतात ना? सासऱ्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “नाही हो, मी सोडलीत.”

मला माहीत होतं की हे खरं नाही. मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी रात्री साडेदहाला ऑफिसचा कॉल संपवून मी दूध आणायला खाली उतरलो. पारा दहाच्या खाली. कोपऱ्यावर अंडाभुर्जीची हातगाडी लागते. तिथं कानटोपी, मफलर, स्वेटर घालून एक म्हातारा माणूस कागदी प्लेटमध्ये उकडलेली अंडी खात उभा होता, आमच्या बिल्डिंगकडं पाठ करून. घाईघाईनं खात होते. टाके नुकतेच निघालेले, एक हात पोटावर धरलेला.

मी दूध न घेताच वर आलो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “मला माहितीये. पैसे मीच देते.” मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “तू विचारलंस कधी?”

कोणी कोणाला एक शब्द बोललं नव्हतं. कसलीच सक्ती नव्हती. तरी माझ्या व्रतानं एका सत्तरीच्या माणसाला त्याच्या लेकीच्या घरात चोर करून ठेवलं होतं. ‘ज्याची त्याची आवड’ म्हणतो आपण, पण आवड सांगायला समोरच्याला जागा तरी असावी लागते ना?

महाभारताच्या वनपर्वातला कौशिक तुम्हाला आठवत असेल. झाडाखाली वेदपठण करत बसलेला तपस्वी. वरून एका बगळीची विष्ठा अंगावर पडली. त्यानं रागानं वर पाहिलं आणि ती मरून पडली. पुढं भिक्षेला एका दारात गेला, तर घरची बाई नवऱ्याला वाढण्यात गुंतलेली, याला थांबावं लागलं. हा चिडला. ती शांतपणे म्हणाली, महाराज, मी बगळी नाही. धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेला धर्मव्याधाकडं जा. कौशिक मिथिलेला पोचला तर हा गुरू खाटकाच्या दुकानात हरणाचं आणि म्हशीचं मांस विकत बसलेला, भोवती गिऱ्हाइकांची गर्दी.

आता बघा, या गोष्टीत स्वतःच्या हातानं, खरं तर नजरेनं, जीव घेतलेला माणूस एकच आहे, आणि तो मांस विकणारा नाही. व्याध स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेलं विकतो. इतकंच नाही, तो स्वतः मांस खातही नाही. माझ्यासारख्या माळकऱ्याला ही ओळ वाचून फार बरं वाटतं, आणि म्हणूनच तिथं सावध व्हायला हवं. कारण व्याध आपलं न खाणं सांगून तिथं थांबत नाही. दुकानासमोर उभ्या गिऱ्हाइकांना तो एकदाही कमी लेखत नाही. उलट तो म्हणतो, नांगर चालतो तेव्हा मातीतले किती जीव मरतात, धान्याचा दाणाही जीवच, चालताना पायाखाली काय काय चिरडतं कोण बघतो? संपूर्ण अहिंसक कोणी नाही. यत्न करणारा ती कमी करतो, एवढंच.

इथं मला कुणी तरी विचारेलच, आणि विचारावंच, की ‘ज्याची त्याची आवड’ या हिशोबात बोकडाची आवड कुठं आली? प्रश्न बरोबर आहे. खाणं आणि न खाणं अगदी सारखंच, असं मला वाटत नाही. तसं वाटत असतं तर माळ घातली नसती. जीव जाताना त्याला वेदना होते आणि ती टाळता येत असेल तर टाळावी, हे मी मानतो, विचारलं तर सांगतो. पण मग मी ज्या चहात दूध घालतो त्या दुधाच्या मागं गोऱ्ह्याचं काय होतं, आपल्याच जिल्ह्यातल्या द्राक्षबागेत थ्रिप्ससाठी हंगामात किती फवारण्या होतात, हेही मला सांगावं लागेल. माझे हात कमी भरलेत असं मी म्हणू शकतो, कोरडे आहेत असं नाही. आणि ज्याचे हात कोरडे नाहीत त्यानं दुसऱ्याच्या बोटांचा वास घ्यायला जाऊ नये.

बरं, शास्त्र तरी काय म्हणतं? सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस, तामस आहार आहेत. वाचून बघा, तिथं पदार्थांची नावंच नाहीत. चव आणि परिणाम यांची वर्णनं आहेत. अतितिखट, अतिउष्ण, जळजळ करणारं ते राजस. म्हणजे रविवारी सकाळी आपण रांग लावून जी काळ्या मसाल्याची मिसळ खातो आणि वर तर्री मागून घेतो, ती सरळ तिथं बसते. शिजवून प्रहर उलटलेलं, शिळं, ते तामस. मग माझा ऑफिसचा डबा आणि फ्रीजमधली कालची भाजी तामसात गेली. ‘अमेध्य’ या शब्दाखाली अनेक टीकाकार मांस घेतात, ते मला मान्य आहे. पण त्या यादीतला तेवढा एकच शब्द उचलून दुसऱ्याच्या ताटावर चिकटवायचा आणि बाकीचे आपल्या ताटात आहेत म्हणून वाचायचेच नाहीत, हे काही चिंतन नव्हे. ‘शुद्ध शाकाहारी’ अशी पाटी हॉटेलावर बघितली की हल्ली मला जरा अडखळायला होतं. बाकीचे काय मग?

पाचव्या अध्यायातल्या या श्लोकावर प्रवचनात एक वाक्य हमखास येतं : समदर्शन म्हणजे समवर्तन नव्हे. गाईला आणि हत्तीला सारखा चारा घालत नाही, तसं. पटण्यासारखं आहे. पण याच वाक्याच्या आडोशानं किती वेगळे कप, वेगळ्या पंगती, वेगळे पाणवठे चालले! आपल्याच नाशकात, काळाराम मंदिराच्या दाराशी, २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली माणसं उभी राहिली होती ती ‘नजरेत सम, वागण्यात दूर’ या हिशोबाच्या विरुद्धच. नुसत्या नजरेत सम असून त्यांना काय उपयोग होता? ताटावरून ठेवलेलं अंतर आणि जातीवरून ठेवलेलं अंतर यांची सरमिसळ आपल्याकडं इतकी जुनी आहे, की एकाचं बोलताना दुसऱ्याचा आवाज येतोच. श्वपाक हा शब्दच त्याचा पुरावा.

म्हणून २०२३ मधली पवईच्या आयआयटीतली गोष्ट मला साधी वाटत नाही. वसतिगृह १२, १३ आणि १४ च्या मेसमध्ये सहा टेबलं फक्त शाकाहारी जेवणाला राखून ठेवली. निषेध म्हणून तिथं बसून मांसाहार केला, तर एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड. वासाचा त्रास होतो हे मला मान्य आहे, आमच्या आईला खरोखर मळमळतं. पण तिला त्रास झाला की ती उठून दुसरीकडं बसते. दंडाची पावती फाडत नाही. १९ मार्च २०२४ ला झोमॅटोनं शाकाहारी ऑर्डरींसाठी हिरव्या कपड्यातली वेगळी मुलं जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी हिरवे कपडे मागं घेतले, सगळे लालच घालतील म्हणून सांगितलं. कारण उघड होतं. उद्या सोसायटीच्या गेटवर लाल शर्टवाल्याला अडवलं असतं, त्याच्या पिशवीत काय आहे ते न बघताच.

आणि १५ ऑगस्ट २०२५. कल्याण-डोंबिवली, आपल्या जिल्ह्यातलं मालेगाव, अशा काही महापालिकांनी त्या दिवशी मांसविक्री बंद ठेवायला सांगितली. त्या रात्री कृष्णजन्म, माझा उपवास होता. फॉरवर्ड आले, ‘छान निर्णय’. मला ते छान वाटलं नाही. दुकान बंद होतं म्हणून कुणी खाल्लं नाही तर त्यात देवासाठी काय सोडलं? माझ्या उपवासाला राखणदार म्हणून महापालिका कशाला हवी?

दुसरी बाजूही आहे, ती न लिहिणं लबाडी होईल. टीम लंचला ‘घासफूस’, ‘एकदा खाऊन बघ, देवाला कोण सांगतंय’ हे वर्षानुवर्षं ऐकलंय. एकदा तर एका मित्रानं सूप व्हेज आहे म्हणून पाजलं आणि नंतर हसत हसत चिकनचं होतं म्हणून सांगितलं. त्या रात्री मी घरी जाऊन रडलोय. गळ्यातली माळ हातात धरून बसलो होतो. माझं ताट ही माझी चेष्टेची जागा नाही, आणि सासऱ्यांचंही नाही. तुकोबांच्या एका अभंगात विठोबा सावता माळ्याच्या मळ्यात खुरपतो आणि सजन कसायाच्या दुकानात मांसही विकू लागतो. तुकोबा स्वतः कोणत्या वाटेचे होते ते आपल्याला माहीत आहे. पण देवाला त्यांनी त्या दुकानातून बाहेर नाही काढलं.

असो. घरची गोष्ट अर्धी राहिली.

आईला सांगायला मला दोन दिवस लागले. ती म्हणाली, “अरे, टाके घातलेला माणूस थंडीत रस्त्यावर उभा राहतो आणि तू मला आज सांगतोस?” मग थोडा वेळ थांबून म्हणाली, “पण माझ्या गॅसवर नको. मला जमायचं नाही. जमेल असं खोटं कशाला बोलू?” बाल्कनीत इंडक्शन शेगडी आणि एक वेगळं पातेलं ठेवलं. सासरे पहिले दोन दिवस नकोच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवसापासून आईच आतून विचारायला लागली, “झालं का त्यांचं अंडं?” संध्याकाळी दोघं शेजारी बसून हरिपाठ म्हणायचे. ते तर पहिल्या दिवसापासूनच म्हणत होते.

मे महिन्यात आम्ही सगळे रेवदंड्याला गेलो. आईसाठी नवी कढई, नवी पातेली आणून ठेवलेली. घरात तीन दिवस मासळी शिजली नाही. समुद्र दारात, आणि पोरांच्या ताटात वालाची उसळ. चौथ्या दिवशी आईच म्हणाली, आज तुमचं करा, मी पडवीत बसते. त्यांनी खूप नाही-नाही केलं. शेवटी दुपारी आत पापलेट तळायला घेतलं आणि आई पडवीतल्या झोपाळ्यावर पदर नाकाला लावून, दुसऱ्या हातात जपमाळ घेऊन बसली.

आतून सासऱ्यांनी विचारलं, “वास येतोय का हो, विहीणबाई?”

“येतोय,” आई म्हणाली. “तुम्ही जेवा.”