रचलेले जग कोणाचे?

आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ड्रॉइंग एकाचे असते, लेथवरचा हात दुसऱ्याचा आणि जुळणी तिसऱ्याच्या शेडमध्ये. माल पास झाला की सगळेच तो 'आपला' म्हणतात. रिजेक्ट झाला की बोटे एकमेकांकडे वळतात.

'एल्डन रिंग' या व्हिडिओ गेमची हकिकत वाचताना आम्हाला हेच आठवले. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी त्या जगाचा प्राचीन इतिहास लिहून दिला. खेळ घडतो तो काळ मात्र जपानच्या हिदेताका मियाझाकींच्या चमूने रचला. २०२२ साली गेम आला, गाजला, बक्षिसे मिळाली. मार्टिन यांनी श्रेय मियाझाकींच्या चमूला दिले.

दिलदारपणा खराच! पण श्रेय देऊन टाकावे तशी जबाबदारीही देऊन टाकता येते काय? भाऊबंदकीचे बी एकाने पेरले, तलवार दुसऱ्याने घडवली, आणि ती चालवतो आमच्या गल्लीतला मुलगा.

लखनौच्या नवलकिशोर छापखान्यासाठी 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. आपण फारसीचे केवळ भाषांतरकार, असा त्यांचा दावा. तसा फारसी ग्रंथ काही सापडलेला नाही. ही नम्रता की पळवाट, यावर आमच्यात आजही वाद होतो.

अमानतीचे ओझे घेणाऱ्यावर असते, हे आपण जाणतोच. आमच्या मते ते सोपवणाऱ्यावरही असते. आमच्याकडचा एक जुना टर्नर प्रत्येक जॉबवर आपली खूण पंच करतो. जॉब परत आला, की कुणी बोलावण्याआधी तोच उठून पाहायला जातो.