ऋण राष्ट्राचे, फेड कोणाची?

सैनिक दूर ठाण्यावर असताना मागे राहिलेल्या त्याच्या कुटुंबाच्या दुखण्याखुपण्याची जबाबदारी राष्ट्राची, हे सारेच मान्य करतात. राष्ट्र ती प्रत्यक्षात कशी पार पाडते, हे पाहू गेल्यास मात्र मन अस्वस्थ होते. अमेरिकेचेच उदाहरण घेऊ.

सैनिकांच्या बायकामुलांना सरकारी मदतीने नागरी डॉक्टरांकडे जाता यावे, असा कायदा तेथे 1956 साली झाला. आज ‘ट्रायकेअर’ योजनेखाली सेवेतील व निवृत्त सैनिक आणि त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे 95 लाख माणसे येतात. योजना तशी उदार आहे. पण डॉक्टरांना द्यावयाचे दर वृद्धांसाठीच्या ‘मेडिकेअर’ योजनेच्या दरांशी कायद्याने बांधलेले आहेत. खासगी विमा कंपन्या साधारणतः त्याहून अधिक देतात. शिवाय हे रुग्ण घेण्याची नागरी डॉक्टरांवर सक्ती नाही. त्यामुळे कार्ड हाती असूनही पुष्कळदा डॉक्टर मिळत नाही. त्यात दर दोन-तीन वर्षांनी बदली. नवे गाव आले की पुन्हा शोध, पुन्हा प्रतीक्षायादी. मानसोपचाराची किंवा एखाद्या मतिमंद लेकराच्या उपचारांची निकड असेल, तर त्या आईची काय अवस्था होत असेल! 2016 च्या कायद्यानंतर लष्करी रुग्णालयांतील रुग्ण बाहेर पाठविण्यावर भर आला; 2023 च्या अखेरीस संरक्षण खात्यालाच त्यांना परत आत आणण्याचे ठरवावे लागले.

डॉक्टरांना लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु दवाखान्याचे भाडे आणि परिचारिकेचा पगार त्यांना चुकत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी माणसामाणसांतील देवघेवीचा न्याय आणि समाजाने आपल्या घटकांना द्यावयाच्या वाट्याचा न्याय, असा भेद केला आहे. सैनिकाचे ऋण दुसऱ्या प्रकारात मोडते. तुटपुंजा दर ठरवून राष्ट्र ते डॉक्टरच्या खिशातून फेडू पाहते आणि त्याने नकार दिला की त्याच्याच नावाने बोटे मोडते. हे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. अर्थात, तातडीच्या दुखण्यात दाराशी आलेल्या लेकराला दरपत्रक पाहून परत पाठविणाऱ्या डॉक्टरची बाजूही आम्ही घेणार नाही.

आपल्याकडे माजी सैनिकांसाठी 2003 पासून ‘ईसीएचएस’ आहे. खासगी रुग्णालयांशी करार, सरकारी दर आणि थकलेल्या बिलांच्या तक्रारी, गाठ तीच. निवृत्त सुभेदाराला रोख भरण्यास सांगणाऱ्या खिडकीवरील मुलीशी भांडून उपयोग नाही. देणेकरी तेथे बसलेला नसतो.